बांधाचा धनी

गोव्यात मांडवी समुद्राला मिळण्याआधी चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे या बेटांना वळसे घालत जाते. मधल्या उंचवट्यावर घरे, चर्च किंवा देऊळ, त्याखाली माड आणि त्याहून खाली सपाट, ओलसर भातशेती असे यातल्या कुठल्याही बेटाचे रूप दिसते. या खालच्या शेतीचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणजे तो निसर्गाने दिलेला नाही. माणसांनी बांध घालून तो नदीकडून घेतला आहे आणि रोज दोन वेळा नदी तो परत मागत असते. अशा जमिनीला खाजन म्हणतात. गोवाभर मिळून खाजन सुमारे १८,००० हेक्टर भरते. या जमिनीवरून गेली पाच शतके जे तंटे झाले, त्यांकडे आपण सहसा मालक आणि कूळ, शेतकरी आणि मासे धरणारा, विकास आणि पर्यावरण अशा जोड्या लावून पाहतो. या जोड्या खोट्या नाहीत, पण मुळाशी जात नाहीत. खाजनात जमिनीचा हक्क आणि बांध राखण्याचे कर्तव्य ही दोन वेगळी प्रकरणे असूच शकत नाहीत. ज्या-ज्या कायद्याने ती वेगळी केली, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो, त्याने तंटा मिटवला नाही, फक्त त्याची जागा बदलली.

हे पटण्यासाठी खाजन चालते कसे ते नीट पाहावे लागते. नदीकाठाने मातीचा बांध असतो. जिथे पाण्याचा मार जास्त तिथे त्याला जांभ्या दगडाचा चेहरा दिलेला असतो आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला लाटांचा जोर मोडावा म्हणून खारफुटी राखलेली असते. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी दारांची झडप बसवलेली असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. मानशीच्या आत पोंय, म्हणजे साठवणीचा डोह, आणि तिथून शेतात शिरणारे चर. पावसाळ्यात पहिल्या सरींनी मातीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट किंवा आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात लावायचे. कापणीनंतर मानस उघडून खारे पाणी मोजून आत घ्यायचे, त्याबरोबर आलेली कोळंबी आणि मासळी ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरायची, आणि पुढच्या पावसाआधी बांधाची डागडुजी करून घ्यायची. एकाच तुकड्यात भात, मासे आणि काही ठिकाणी मीठही. या सगळ्या चक्राचा जीव बांधात आहे. भगदाड एका शेताशी पडले तरी खारे पाणी साऱ्यांच्या शेतात शिरते, आणि एकदा शिरले की माती पुन्हा भातालायक व्हायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. म्हणून इथे 'माझी जमीन, मी पाहीन' हे तत्त्व व्यवहारात टिकत नाही. शेजाऱ्याने आपल्या वाट्याचा बांध बांधला नाही, तर माझा जमिनीचा उतारा कितीही स्वच्छ असला तरी माझे शेत खारावते.

हे शहाणपण फार जुने आहे. गोव्यात सापडलेल्या भोज आणि कोकण-मौर्य काळातल्या ताम्रपटांत, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास, खाजन जमिनीच्या दानाचे उल्लेख येतात. मात्र कर्तव्याची बाजू स्पष्ट दिसते ती त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, एका परक्या सत्तेच्या दप्तरात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी, म्हणजे या बेटांचा तालुका, घेतली आणि १५२६ मध्ये महसूल अधिकारी आफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावकारांच्या आणि शेतकऱ्यांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. तिच्या आरंभी एक परंपरा नोंदवली आहे. फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर गेली, त्यांनी ती जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, आणि चांगल्या कारभारामुळे ते गावकार म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे राज्यकर्ते आले तेव्हा आपल्या रीतीभाती चालू राहाव्यात या अटीवर त्यांनी कर देणे मान्य केले. ही गोष्ट इतिहास म्हणून अक्षरशः खरी मानायची गरज नाही. महत्त्वाचे हे की जिंकणाऱ्या सत्तेने स्वतःच्या सनदेत हक्काचा उगम दानात किंवा तलवारीत नाही, तर जमीन घडवण्याच्या श्रमात आहे असे नोंदवून ठेवले. त्यातून निघणारी व्यवस्थाही तशीच होती. जमीन गावाची, म्हणजे गांवकरीची, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले. भातशेते ठरावीक मुदतीने, बहुधा तीन वर्षांनी, लिलावात द्यायची. येणाऱ्या पैशातून आधी सरकारी खंड, बांध-मानशीचा खर्च, देवळाचा आणि पुढे चर्चचा खर्च भागवायचा, आणि मग जे उरेल ते गावकारांत झोण म्हणून वाटायचे. या क्रमाकडे लक्ष द्यायला हवे. बांध आधी आणि वाटा नंतर. ज्या वर्षी बांधावर जास्त खर्च झाला, त्या वर्षी झोण कमी. ज्याचा हक्क, त्याच्याच खिशातून डागडुजी.

पोर्तुगीजांनी ही रचना प्रेमापोटी टिकवली नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे त्यांनी पाडली. दिवाडीचे सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला हलवावे लागले, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. देव हलवले, माणसे बाटवली, पण गांवकरी मोडली नाही, कारण महसूल बांधावर अवलंबून होता आणि बांध गांवकरीवर. एकोणिसाव्या शतकात लिस्बनच्या उदारमतवादी कायदेपंडितांना हे सामूहिक मालकीचे प्रकरण खुपू लागले. कोमुनिदादी या मालक आहेत की सरकारच्या कायमच्या खंडकरी, असा वाद पेटला. फिलिपे नेरी शाव्हियेर यांनी १८५२ मध्ये त्यांचा इतिहास लिहिला, आणि कुन्य रिव्हारा यांनी १८७० मध्ये त्यांच्या बाजूने एक ग्रंथच प्रसिद्ध केला. वाद मालकीच्या नावाने चालला होता, पण मधल्या काळात खरा बदल दुसरीकडे होत होता. गावातल्या हक्काचे समभाग झाले, ते विकता-घेता येऊ लागले, आणि ज्यांनी आयुष्यात मानस पाहिली नसेल अशांच्या हाती नफ्याचे कागद गेले. हक्क आणि बांध यांच्यात पहिली फट इथेच पडली. ती पाडणारा कायदा क्रूर नव्हता, तो आधुनिक होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जुन्या गांवकरीचे गोडवे गाणे सोपे आहे. पण त्या बांधाची माती डोक्यावरून वाहणारे कोण होते? मूळचे गोव्याचे असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ मध्ये गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, ग्रामसमुदायांवर जो निबंध लिहिला, त्यात ही व्यवस्था काही समतेचे आश्रयस्थान नव्हती हे त्यांनी निर्ममपणे दाखवले. गावकारी ठरावीक घराण्यांच्या शाखांपुरती, म्हणजे वांगडांपुरती, तीही फक्त पुरुषांची. गावडे, कुणबी आणि मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे, यांना शेतात राबण्याचा अधिकार होता, झोण मिळण्याचा नव्हता. तीन वर्षांच्या लिलावात ज्याच्याकडे पैसा तो बोली मारणार आणि कसणारा त्याच्या मर्जीवर जगणार. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि तो मान्य केल्यावरच माझा मुद्दा नेमका होतो. गांवकरीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत्या: जन्माने मिळणारा विशेषाधिकार, आणि उत्पन्नातून बांधाला पहिला वाटा देण्याचा नियम. पहिली गोष्ट मोडणे न्यायाचे होते. पण ती मोडताना दुसरीही मोडली तर ज्यांच्यासाठी न्याय केला त्यांच्याच शेतात खारे पाणी येणार, हे ओळखायला हवे होते.

१५ एप्रिल १९६१ रोजी पोर्तुगीज सरकारने कोमुनिदादींची नवी संहिता जारी केली आणि त्यानंतर आठ महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. संहिता मात्र टिकली, आजही तिच्याच आधाराने कोमुनिदादींचा कारभार चालतो. मुक्त गोव्याने १९६४ मध्ये कूळ कायदा केला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला कसत असलेल्या जमिनीचा मालक मानले. लिलावांची पद्धत गेली, बोलीची टांगती तलवार गेली, आणि शतकानुशतके दुसऱ्याच्या शेतात वाकलेल्या माणसाच्या नावावर जमीन लागली. या कायद्याचे श्रेय कुणी कमी करू नये. पण खाजनात कूळ मालक झाले ते आपापल्या तुकड्याचे. बांध कुणाच्या तुकड्यात मोडत नव्हता. पूर्वी एकेका खाजनाच्या शेतकऱ्यांची मंडळे असत, त्यांना भौस म्हणत, आणि ती कोमुनिदादीच्या देखरेखीखाली बांधाचे काम पाहत. त्यांच्या जागी १९७५ च्या नियमांनी कूळ संघ आणले. बांध दुरुस्त करणे, वर्गणी गोळा करणे, मानशीतली मासेमारी लिलावात देणे हे काम त्यांचे, आणि देखरेख मामलेदाराची. कागदावर यात काही चूक नाही. फक्त एक विचित्र गोष्ट घडली. लिलाव शेतातून उठला तो मानशीवर येऊन बसला. संघाच्या हाती रोख पैसा येणारे साधन म्हणजे मानशीचा ठेका, आणि ठेकेदाराचे हित भाताच्या नेमके विरुद्ध. मानस जितका वेळ उघडी, जितके जास्त खारे पाणी आत, तितकी कोळंबी जास्त. पावसाच्या दिवसांतही दारे उघडी ठेवणे, एवढेच नव्हे तर बांध मुद्दाम फोडणे, अशा तक्रारी पुढची कित्येक दशके गावागावांतून होत राहिल्या. त्यात मांडवी आणि जुवारीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी. त्यांच्या लाटांनी बांधाचे पाय खचले, आणि त्या नुकसानीचा धनी कुणीच नव्हता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर बार्जी थांबल्या, पण तोवर बऱ्याच ठिकाणी बांध खिळखिळे झालेले होते.

याचा दोष कूळ कायद्याला द्यायचा का? एक मत असे आहे की जमीन गांवकरीकडेच असती तर हे झाले नसते. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण सीमेपलीकडे रायगड जिल्ह्यात मिळते. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाड्यांतून जमीन काढली ती गावाने नव्हे, बहुतेक वेळा भांडवल असलेल्या खाजगी माणसाने. त्याला शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा बांध त्याने राखायचा आणि बदल्यात कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे ठरावीक भात घ्यायचे, ते शिलोत्री. अनेक शिलोत्रीदार भात घेत आणि बांध वाऱ्यावर सोडत. याच खारेपाटात चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध सहा वर्षे संप चालवला, शेते पडीक ठेवली. पुढे १९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, १९५५ मध्ये कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातले शिलोत्री हक्क रद्द केले, आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खार जमीन विकासाचा स्वतंत्र कायदा आणला. बांध सरकारी खात्याकडे आला. तिथेही फुटलेले बांध, खारावलेली शेते, निधीची वाट पाहणारी गावे हेच चित्र आजवर दिसत आले आहे. म्हणजे गोव्यात सामूहिक मालकी होती, रायगडात खाजगी होती, दोन्हीकडे जमीन कसणाऱ्याला मिळाली, आणि दोन्हीकडे बांध पोरका झाला. मालकीचा प्रकार हे कारण असते तर निकाल वेगवेगळे लागले असते. कारण वेगळे आहे: दोन्हीकडे हक्काचे हस्तांतर तपशीलवार लिहिले गेले आणि कर्तव्याचे एखाद्या खात्याच्या किंवा संघाच्या भरवशावर सोडून दिले.

यानंतर आला पर्यावरणाचा कायदा. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे रोखायला सांगितले आणि १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. त्याच दशकात गोव्याने आणखी दोन कुलपे लावली. १९९१ च्या कायद्याने कुळाला मिळालेली शेतजमीन बिगरशेतीला वापरण्यास बंदी केली आणि नगरनियोजन कायद्यात १७ अ हे कलम घालून परवानगीशिवाय सखल जमिनीत भराव टाकणे गुन्हा ठरवले. २०११ च्या किनारा अधिसूचनेत तर गोव्याच्या खाजनांचा नावानिशी उल्लेख आहे, त्यांत कुठलेही विकासकाम नको असे तीत म्हटले आहे. या कुलपांचा उपयोग झाला नाही असे नाही. ती नसती तर पणजीच्या पाटो भागासारखा भराव नदीकाठाने कितीतरी दूर गेला असता. पण मोठा प्रकल्प आला की कुलूप उघडते हेही दिसले. कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून आणि नदीमुखांतून नेण्याविरुद्धची याचिका १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. तराजूच्या एका पारड्यात लाखो लोकांची रेल्वे होती, दुसऱ्यात काही गावांचे बांध. निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मला त्याहून बोलका वाटतो तो २०१९ च्या किनारा अधिसूचनेतला एक छोटा नियम. बेटांच्या बाबतीत या अधिसूचनेची चर्चा होते ती खाडीतल्या आणि किनाऱ्यालगतच्या बेटांवरचा बांधकाममुक्त पट्टा भरतीरेषेपासून फक्त २० मीटरवर आणला म्हणून. ती चर्चा योग्यच आहे. पण त्याच अधिसूचनेत असेही आहे की १९९१ पूर्वीचा बांध किंवा मानस असेल तिथे भरतीरेषा बांधावरच धरायची; मात्र खारे पाणी आत शिरल्यामुळे बांधाच्या आत खारफुटी उगवली असेल तर तो भाग सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात मोडेल. आता हे खाजनात लावून पाहू. शेतकऱ्याने बांध राखला तर त्याचे शेत शेतच राहते. संघाने हयगय केली, ठेकेदाराने मानस उघडी ठेवली किंवा कुणी बांध फोडला, तर काही वर्षांत आत खारफुटी वाढते आणि ती जमीन संरक्षित होते. मग शेतकऱ्याने बांध पुन्हा घालून शेत उभे करायचे ठरवले तर गुन्हेगार तो ठरतो. बांध मोडणाऱ्याला कायदा शोधत नाही, जोडणाऱ्याला मात्र अडवतो. नियम करणाऱ्यांच्या मनात असे नव्हते हे उघड आहे. त्यांना खारफुटी वाचवायची होती. पण जमिनीवर काय उगवले आहे एवढेच पाहणाऱ्या कायद्याला ते का उगवले हे दिसत नाही.

यावर पर्यावरणवाद्यांचे एक सरळ उत्तर असते: मग उगवू द्या की. खाजन तरी मुळात नदीवर केलेले अतिक्रमणच ना? समुद्राची पातळी वाढते आहे, खारफुटी लाटा अडवते, कार्बन साठवते, माशांची पैदास तिच्या मुळांत होते. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य हा त्याचा डोळ्यांसमोरचा पुरावा नाही का? युक्तिवाद वजनदार आहे, आणि जिथे वस्ती नाही अशा काठावर तो मी मानेनही. पण बेटावर बांधामागे फक्त भात नसते. खालच्या वाड्यांतल्या विहिरींचे पाणी गोडे राहते, रस्ते आणि घरांची जोती कोरडी राहतात, तीही बांधामुळेच. बांध गेला की नदी शेताच्या कडेला थांबत नाही, ती उंचवट्याच्या पायथ्यापर्यंत येते, आणि बेटावर मागे सरकायला जागा कुठे असते? शिवाय खारफुटीला जुन्या व्यवस्थेत जागा होतीच, बांधाच्या बाहेर, बांधाचे रक्षण करण्यासाठी. आत आणि बाहेर हा फरक पुसला की खारफुटीच्या नावाने बांधच जातो, आणि पुढचे भरतीचे पाणी कुणाच्या तरी अंगणात येते.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्याचा स्वतःचा आहे आणि तो सर्वांत कठीण आहे. कोरगुटाला भाव नाही, मजूर मिळत नाहीत, मुले मुंबईत, आखातात किंवा परदेशी गेली. बांधाची वर्गणी मी का भरू? भातातून वर्गणी निघत नाही हे खरेच आहे. पण खाजनाचा बांध भातातून बांधायचा हा हिशेबच अलीकडचा आहे. जुन्या गांवकरीत बांधाचा खर्च केवळ खाजनातल्या कुळावर पडत नव्हता. तो गावाच्या एकूण उत्पन्नातून, माडांच्या, डोंगरावरच्या काजूच्या आणि मानशीच्या मासळीच्या पैशातून, झोण वाटण्याआधी निघे. बेटावर राहणारा आणि बांधाच्या आडोशाने कोरडा राहणारा प्रत्येकजण अप्रत्यक्षपणे तो भरत होता. आज बांधाचा लाभ घेणाऱ्यांत शेतकरी सर्वांत लहान गट आहे. रस्ता वापरणारे, घर बांधलेले, नदीकाठी हॉटेल काढलेले, पाण्यातून वाहतूक करणारे असे कितीतरी जण बांधाच्या जिवावर उभे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही कागदावर बांधाचा एक रुपया लिहिलेला नाही. कोमुनिदादींकडे अजूनही जमिनी आहेत, त्या भाड्याने जातात, त्यांची संहिता जिवंत आहे. पंचायतीला घरपट्टी मिळते. मानशीचा लिलाव दरवर्षी होतो. यातल्या प्रत्येक रकमेतून बांधाचा वाटा आधी काढायचा आणि मग बाकीचे वाटप, असा नियम घालायला किनारा नियमनाच्या अधिसूचनेला हात लावावा लागत नाही. त्यासाठी कूळ संघांचे १९७५ चे नियम आणि कोमुनिदादींची १९६१ ची संहिता एकमेकांसमोर ठेवून दुरुस्त कराव्या लागतील, आणि मामलेदाराला देखरेखीबरोबरच वसुलीचा अधिकारही द्यावा लागेल.